सेट, चेनसकट

अनगोळ, बेळगाव
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय सोनुआक्कास,
बुद्धप्रियचा जयभीम.

फोनवर तू नुसतं "व्हय, व्हय" म्हणतीस आणि ठेवून देतीस. परवा मी विचारलं, गुडघा कसा आहे, तर तू म्हणालीस, "आमटी-भात." म्हणून परत कागद काढला. कान रुसले तरी तुझे डोळे शाबूत आहेत, आणि साक्षरता वर्गात एवढ्या कष्टानं कमावलेलं अक्षर वाया कशाला घालवायचं?

आम्ही बरे आहोत. आमची पोर प्रियदर्शनी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे तुमच्याकडच्या अकरावीला बसली. फी भरताना माझ्या तोंडाला फेस आला. उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत ओव्हरटाइम बंद झालाय. अक्षराचं पिको-फॉलचं मशीन दिवसभर चालतं म्हणून घर चालतंय, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आता माझं. मी रविवारी पहाटे सायकल मारायला जातो हे तुला ठाऊक आहे, आणि तुला ते आवडत नाही हेही मला ठाऊक आहे. आजही गेलतो, जांबोटीला. पिरनवाडी, किणये, तिथपर्यंत मी सगळ्यांच्या बरोबर असतो. पुढं चढ लागला की मागं पडतो. पाय कमी पडले असते तर मी काही बोललो नसतो गं. माझा माल जुना आहे, तिथं अडतंय. सगळे जांबोटीत चहाच्या टपरीवर थांबतात आणि मी पोचलो की टाळ्या वाजवतात. प्रेमानंच वाजवतात, पण मला त्या टाळ्या नको वाटतात.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही ती तुला सांगतो. टिळकवाडीतल्या एका दुकानात काचेच्या कपाटात एक सेट ठेवलाय. चेनसकट पंचेचाळीस हजार. आमच्या ग्रुपात डॉक्टर तेजस्वी मॅडम आहेत, त्यांच्याकडं आहे तसलाच. त्या अगदी शेजारनं गेल्या तरी त्यांच्या सेटचा आवाज येत नाही. कामावरून सुटलो की आठवड्यातून दोनदा मी तो बघायला जातो. दुकानदार आता ओळखायला लागलाय. कपाट उघडून तळहातावर ठेवतो. ह्या वस्तूत ग्रॅमाग्रॅमाला पैसा मोजावा लागतो. हातात घेतला की आक्का, पोटात कसंतरी होतं बघ. बेचाळीस वय झालं, आणि ही तऱ्हा.

अक्षराला बोललो नाही. आईच्या दवाखान्यात तिच्या गळ्यातलं गेलं ते अजून परत उभं राहिलं नाही. ती एक ग्रॅमवालं खोटं घालते आणि काही म्हणत नाही. तूही तिला काही बोलू नको.

गुडघा कसा आहे ते कळव.

तुझा,
बुद्धप्रिय


निपाणी
ता. ११ ऑगस्ट

चि. बुद्धप्रियास,
सोनुबाईचा जयभीम आन् आशीर्वाद.

तुझा कागुद पोचला. दोनदा वाचला. दुसऱ्या डावाला चष्मा पुसून वाचला, कारन पयल्या डावाला रडले.

ते सायकलचं पुराण सोडून दिलं मी. जांबोटीला बस जातीया की रं, पाय मारीत जायला कुनी सांगितलंय तुला? पर म्होरं सेटाचं आलं तवा उठून बसले. बाई बाई बाई! माझ्या भावाला बायकोच्या गळ्याकडं बघायची बुद्धी झाली! बेचाळिशीत का व्हईना, झाली न्हवं? लई झालं.

त्या डागदरीणबाईच्या गळ्यात बघितलास व्हय? सायकलीवर बी सेट घालून येत्यात बाया? बेळगावची तऱ्हाच न्यारी. आवाज येत न्हाय म्हनतोस ते खरं हाय. खऱ्या सोन्याचा आवाज नसतोय. खोटंच लई वाजतंय. पर पंचेचाळीस हजारात चेनसकट सेट म्हंजे मला इस्वास बसंना. सोन्याचा भाव कुठल्या कुठं गेलाय. दुकानदार तुला येडा बनवाय लागलाय. शिक्का बघून घे.

आता माझं ऐक, न्हाय म्हनायचं न्हाय. आपल्या आईपायी अक्षराच्या गळ्यातलं गेलं. आई माझी बी व्हती. पर माझ्या कानातली फुलं माझ्या कानातच ऱ्हायली. दवाखान्याच्या दारात ती गळ्याला हात लावून उभी हुती, ते चार वर्सं मला टोचतंय. मी तवाच काढून द्यायची हुती, दिली न्हाईत. कान आता शोभंपुरतंच हायत माझं. ती फुलं मोडीत घाल आन् सेट जरा जड कर. माझा दीर भावकू टेंपो घिऊन बेळगावला येनार हाय, त्येच्या हाती देती.

अक्षराला सांगू नको म्हनतोस तर मी कशाला सांगू? मी काय येडी हाय?

विहारात वर्षावासाचं, पावसाळाभर चालतंय ते ग्रंथाचं वाचन चालू हाय. ऐकू काय येत न्हाय, पर पयल्या रांगंत बसती. सगळ्यांनी हात जोडले की मी बी जोडती.

तुझी आक्का

गुडघा बरा हाय. त्या दिवशी आमटी-भातच खाल्लावता.


अनगोळ
रविवार, २४ ऑगस्ट

आक्का,
जयभीम.

काय करून बसलीस गं!

तो सेट सोन्याचा नाही. सायकलचा आहे. गिअर, ते बदलायचे खटके, ब्रेक, चेन, ह्या सगळ्याला मिळून सायकलवाले सेट म्हणतात. माझ्या सायकलला मागं आठ गिअर आहेत आणि चेन झिजून चढावर उडते. त्या सेटात बारा आहेत. डॉक्टर मॅडमच्या गळ्यात सायकलवर घामाशिवाय काही नसतं.

चूक माझीच. सायकलवाल्यांत राहून राहून मला वाटायला लागलं, सेट म्हटलं की साऱ्या जगाला तेच कळतं. पण तूही कमाल केलीस. पान भरून सायकल लिहिली, ती सोडून दिलीस आणि नेमकं सोनं वाचलंस!

आता पुढं काय झालं ते ऐक. तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर होतो. तुझी पत्रं आधी अक्षराच वाचते, मला फोनवर वाचून दाखवते, आमच्या घरची रीतच आहे ती. त्या दिवशी फोन आला नाही. संध्याकाळी घरी आलो तर पत्र टीव्हीजवळ ठेवलेलं, पाकीट फोडलेलं. मी उभ्या उभ्याच वाचलं. अक्षरानं चहा दिला. चहात साखर जास्त होती.

दुसऱ्या दिवसापासनं ती मशीनवर बसून गुणगुणायला लागली. आईच्या आजारपणापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. शुक्रवारी गिऱ्हाईकाच्या साड्या बाजूला सारून तिनं स्वतःसाठी एक ब्लाऊज शिवला. पुढचा गळा चांगला मोठा, चौकोनी. प्रियदर्शनी म्हणाली, "मम्मी, एवढा मोठा गळा?" तर म्हणाली, "असू दे, लागतोय कधीतरी." मी तिथंच भाकरी खात होतो. उरलेली ताटातच ठेवून उठलो.

काल भावकूअण्णा येऊन तुझी फुलं देऊन गेले. अक्षरानं ती डब्यात ठेवली, कसली, कशाला, काही विचारलं नाही. मला त्या डब्याकडं बघायची छाती होत नाही.

आणि सगळ्यात वाईट सांगू? एवढं होऊनसुद्धा मी गुरुवारी परत दुकानात गेलतो. दोन वर्षांच्या ओव्हरटाइममधले बावीस हजार मी तिला न सांगता बाजूला ठेवलेत. दुकानदार म्हणतोय, निम्मे द्या, बाकीचे हप्त्यानं फेडा, आजच बसवून देतो. सेट हातात घेऊन उभा राहिलो. खाली ठेववेना. तिचं तोंड डोळ्यापुढं आलं आणि तरीही खाली ठेववेना. मी एवढा हलकट कधी झालो गं?

तू मोठी आहेस. काय करू सांग.

बुद्धप्रिय


निपाणी
ता. १ सप्टेंबर

बुद्धप्रिया,
जयभीम.

पंचेचाळीस हजाराची सायकलची चेन? आरं तेवढ्यात चार गाभण शेळ्या येतील! शेळ्या! तुझ्या दाजींनी तंबाखूच्या वखारीत बत्तीस वर्सं एकाच सायकलवर चाकरी केली. एक डाव चेन बदलली, ती बी जुनी बघून. त्येंच्या सायकलला गिअर न्हवता. चढ आला की उतरायचं आन् ढकलायचं, ह्योच गिअर. कुनी टाळ्या बी वाजवल्या न्हाईत.

राग काढला. पानी पिऊन आले. ह्यो कागुद तुझ्या फौंड्रीच्या पत्त्यावर धाडती, घरात कुनी आधी फोडू नये म्हनून. आता दुसरं सांगती, ते कुनाला बोलू नको.

मी धा-अकरा वर्साची असंन, विड्या वळायला जायची. आमच्या कारखान्यातल्या दिवाणजीची लेक दुपारचा डबा घिऊन यायची, लेडीज सायकलवर. निळी सायकल. मागच्या चाकाला रंगीत दोऱ्याची जाळी, कापड अडकू नये म्हनून. सायकल भितीला टेकवून ती आत जायची आन् मी पानं कातरायची सोडून त्या जाळीकडं बघत बसायची. कितीदा कात्री बोटाला लागली. हजार वळायच्या तिथं माझ्या नऊशे भरायच्या. आई मारायची, पोरीचं ध्यान कुठं असतंय म्हनून. मी सांगितलं न्हाय. काय सांगायचं? आपल्या घरात तवा दोन वक्ताला भाकरी न्हवती. आज पन्नास वर्सं झाली, अजून कुठं निळी सायकल दिसली की माझी मान वळतीया.

तर तुझ्या पोटात काय व्हतंय ते मला कळतंय. तुला हलकट म्हननार न्हाय मी. मलाच कुनी तवा हलकट म्हटलं असतं तर?

पर मी मनात ठिवलं ते माझं एकटीचं हुतं. त्येच्यापायी दुसरं कुनी आशंला लागलं न्हवतं. तुझ्यापायी तिकडं एक बाई मोठा गळा शिवून बसलीया. सेट घे, न्हाय तर घेऊ नको, तुझं तू बघ. पर तिला सांग. उद्या न्हाय, ह्यो कागुद वाचलास की उठ आन् सांग.

आक्का


अनगोळ
शुक्रवार, १२ सप्टेंबर

आक्कांना अक्षराचा जयभीम.

हे पत्र भावकूअण्णांच्या हाती देतेय, पोस्टानं नाही. ह्यांना ह्यातलं काही कळू देऊ नका, एवढं ऐका माझं.

तुमचं ऑगस्टमधलं पत्र मी वाचलं हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. तुम्हाला वाटत असेल, बिचारी फसली. नाही हो आक्का. सेट म्हणजे काय ते मला दोन वर्षं ठाऊक आहे. हे झोपेतसुद्धा गिअर बदलतात. मोबाइलवर त्या सेटचे व्हिडिओ बघत बसतात आणि मी आले की घाईनं बातम्या लावतात, कॉलेजातल्या पोरासारखं. बावीस हजार कपाटावरच्या जुन्या डिक्शनरीत ठेवलेत. घरात धूळ कोण पुसतं, एवढा विचार पुरुषमाणसानं करायला हवा होता.

तुमचं पत्र वाचून मी आधी खूप हसले. मग एका ओळीपाशी थांबले. "बायकोच्या गळ्याकडं बघायची बुद्धी झाली." चार वर्षांत माझ्या गळ्याचं कुणी नाव काढलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी ते पत्र पुन्हा वाचलं आणि ठरवलं, आठ दिवस हे खरं धरायचं. कुणाचं काय जातंय? लोकांच्या साड्यांना फॉल लावता लावता मी मनातल्या मनात सेट घालायचे. रोज वेगळा. एक दिवस मोहनमाळ घातली, एक दिवस नुसती नाजूक चेन. त्यातल्या शुक्रवारी ब्लाऊज शिवला. आठ दिवस संपले तरी मला थांबता येईना. आता महिना झाला.

आई आजारी पडल्या तेव्हा माझ्या हातानं मी गळ्यातलं काढून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. आजही तशी वेळ आली तर देईन. तुम्ही त्याचं मनाला लावून घेऊ नका. पण दिलं म्हणून हवंसं वाटायचं थांबत नाही. आधी वाटायचं, थांबेल. चारचौघींत लग्नाला गेलं की माझा पदर आपोआप गळ्यावर येतो.

ह्यांच्यावर मी रागावलेले नाही. राग फक्त एवढ्याचाच येतो की सांगत नाहीत. रोज जेवताना बोलायला तोंड उघडतात, माझ्याकडं बघतात आणि मीठ मागतात. परवा एका जेवणात तीनदा मीठ मागितलं. मी तीनदा दिलं.

तुमची फुलं सोबत परत पाठवतेय. रागावू नका. तुमच्या कानात ती नसली तर तुम्ही मला आमच्या आक्का वाटणार नाही.

तुमची,
अक्षरा


निपाणी
ता. १८ सप्टेंबर

बुद्धप्रिया,
कार्डावर जागा कमी हाय. मीठ कमी खा. आन् बोललास का न्हाय ते कळव.
आक्का


अनगोळ
रविवार, ५ ऑक्टोबर

प्रिय आक्कास,
जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. मिठाचं काय ते कळलं नाही. बीपीचं म्हणतेस का? माझं बीपी बरं आहे.

बोललो. उशीर झाला, पण बोललो. गुरुवारी विजयादशमीला आम्ही विहारात निघालो होतो. अक्षरा पांढरी साडी आणि तो चौकोनी गळ्याचा ब्लाऊज घालून बाहेर आली. गळ्यात काही नव्हतं. रोजचं खोटंसुद्धा घातलं नव्हतं. मी चप्पल घालत होतो, एक पाय चपलेत होता आणि एक उघडा. तसाच बोललो. सेटचं, तुझ्या गैरसमजाचं, बावीस हजारांचं, सगळं. बोलताना मी खाली फरशीकडं बघत होतो. वाटलं, आता रडेल, नाहीतर आत जाऊन दार लावेल. ती म्हणाली, "दुसरी चप्पल घाला, उशीर होतोय." विहाराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "मला दाखवा तरी, कसला असतोय तुमचा सेट."

काल शनिवारी तिला टिळकवाडीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं कपाट उघडलं. ती आंबा घेताना बघतात तसं एकेक उलटंपालटं करून बघत होती. त्याला विचारलं, "ह्यानं चढ लागत नाही?" तो म्हणाला, "लागतो मॅडम, पण कमी." "म्हणजे पाय ह्यांचेच लागणार," ती म्हणाली आणि सेट परत दिला. मला वाटलं, आता महागाईवर बोलेल. बोलली नाही. बाहेर येऊन म्हणाली, "आता तुम्ही माझ्याबरोबर चला."

शहापुरात सराफाकडं नेलं. माझ्या पायात गोळे आले, चढावरसुद्धा येत नाहीत तसले. तिनं एक सेट मागितला, मोठा नव्हता. सराफाच्या बाईनं मागून फासा लावला. अक्षरा आरशासमोर उभी राहिली. आक्का, मी तिच्या मागं उभा होतो, मला आरशात तिचं तोंड दिसत होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती, दुकानात कुणाकडंच बघत नव्हती. नुसती गळ्याकडं बघत होती. ते तोंड मी ओळखलं. टिळकवाडीत कपाटाच्या काचेत मला माझं दिसतं तेच. तोंड जरा उघडं, आणि श्वास घ्यायचं विसरलेलं. अठरा वर्षं संसार केला आणि मला वाटत होतं, हा आजार घरात एकट्या मलाच आहे.

सराफ म्हणाला, "बांधू का?" तिनं स्वतःच फासा काढला. म्हणाली, "नको, घालून बघायचा होता." ट्रेमध्ये ठेवताना तिनं तो नीट गोल करून ठेवला, पहिल्यापेक्षा नीट. मला तिथंच रडू आलं. मी पंख्याकडं बघत उभा राहिलो.

रिक्षा न करता आम्ही चालत निघालो. कपाटावरच्या डिक्शनरीत लपवलेले ते बावीस हजार आता तिच्या हवाली केलेत. काय करायचं ते ठरलं नाही. अनगोळच्या नाक्यावर आल्यावर तिनं विचारलं, "पैसे साठले तर पहिलं कुणाचं घ्यायचं?"

"तुझं," मी लगेच म्हटलं.

"खोटं बोलताय."

खोटंच होतं, आक्का. तुझ्यापाशी काय लपवू? अजूनही डोळे मिटले की मला तो बारा गिअरचाच दिसतो.

थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं, "आणि तुझ्या मनात? पहिलं कुणाचं?"

"माझं," ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढं चाललेल्या दोन बायकांनी मागं वळून बघितलं.

तुझा,
बुद्धप्रिय